पाळीवरची छाट

ही गोष्ट मी गेल्या मार्गशीर्ष अमावास्येला मोहरटोल्यात, सोनकाबाईंच्या अंगणातल्या शेकोटीपाशी ऐकली. जन्मभर बिड्या वळलेल्या त्या आजींनी सांगितली, तशीच मांडतो.

ऐका. गावात वीज नव्हती, तेव्हाची गोष्ट. चिंधू चेकर अंधार पडल्यावर बिडी कारखान्यातून निघाला. घरी लेक तापानं फणफणलेली. म्हणून त्यानं तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, जवळची वाट धरली. चेकर म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? बायांनी वळून आणलेल्या बिड्या तपासायच्या, मूठभर खराब म्हणून बाजूला काढायच्या. ती छाट. छाटीला मजुरी नाही. अन् ठेकेदार तीच छाट बाजारात विकणार!

पाळीवर आधी ठिणगी दिसली. मग तंबाखूचा वास आला. मग पुढ्यात बाईच! मांडीवर बिड्यांचं सूप. रोज त्याच्याकडेच माल आणणारी बिडीवाली रायवंता!

"चेकरभाऊ, माल पाहून घ्या जी."

"इथं? या वेळी? येडी झाली का?"

"तुमचा हात कुठं वेळ पाहते, भाऊ?"

चिंधूचे पाय जागीच रुतले. हात मात्र सवयीनं सुपात गेला. मूठभर छाट काढली, अन् तलावापलीकडे गावातला एक दिवा विझला. दुसरी मूठ, दुसरा दिवा! चिंधूला उमगलं हो, पण हात थांबेना. मूठ, दिवा. मूठ, दिवा.

"काढा ना जी. काहून भिता? तुमच्या घरचं काय जाते?"

गावात एकच दिवा उरला. त्याच्याच घरचा. लेकीच्या उशाशी लावलेला. अन् हात पुन्हा सुपाकडे निघाला!

"चांगला आहे वं माय!" चिंधू रडत ओरडला. "सारा माल चांगला आहे!"

पाय सुटले. तो जीव घेऊन पळाला. घरी दिवा मिणमिणत होता, लेकीला घाम फुटला होता. ती वाचली.

सकाळी कळलं, रायवंता रात्रीच गेली. उपाशी. चूल थंडगार. दिवे विझलेली घरंही सगळी बिड्या वळणाऱ्या बायांचीच. त्या बाया म्हणाल्या, "भूत कशाचं भाऊ? तेलच नव्हतं."

त्या दिवशी चिंधूनं छाट काढली नाही. ठेकेदार म्हणाला, "मग तुझं काम काय?" दुसऱ्या दिवशी नवा चेकर आला. म्हणून सांगते, लेकरांनो, रात्री पाळीवरून जाऊ नका. सूप अजून भरलेलंच आहे.

आजी थांबल्या. रायवंता पाळीवर बसली तेव्हा ती आधीच वारलेली होती, की चिंधूच्या पहिल्या मुठीसरशी विझलेला दिवा तिचाच होता, एवढे मात्र मला कधीच पडताळता आले नाही.