विहिरीपाशी रचलेला उकिरडा

आता जंतू-जंतू करता, पण निजामाच्या राज्यात आमी उकिरड्यावर सोयरीक ठरवायचो. उकिरडा मोठा म्हंजी ढोरं लई, घर तालेवार. थोरल्या बहिणीला बघायला मुरूम गावचे पाव्हणे येणार, म्हणून आबांनी पावसाळाभर सगळं शेण दारातल्या विहिरीपाशी रचलं.

आई म्हणाली, "आवो, ती घाण मुरून पाण्यात उतरंल."

"गप बस. माती गाळून घेती सगळं."

पाव्हण्यांनी उकिरडा बघून माना डोलावल्या, पोटभर पाणी प्याले अन् मुक्कामाला राह्यले. सकाळपासून सगळे तांब्या घेऊन रानात पळायले. सोयरीक मोडली आसं वाटून आबांचं तोंड उतरलं. दुपारी नवऱ्या मुलाचा बाप पोट धरून ओसरीवर टेकला.

"पोरगी पसंत हाय, आबा. पर लगीन आमच्या गावात करू."