विनयने न पाहिलेले दोन विजय

शिरीष, आपल्या जुन्या अपार्टमेंटच्या लॉन्ड्रीतला तो रविवार तुला आठवतो का?

जानेवारी होता. विनय ड्रायरवर चढून बसला होता, कारण खोलीत तेवढीच एक गरम जागा होती. कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर फुटबॉल चालू होतं, हे इथलं, अमेरिकेतलं, हातात घेऊन पळायचं फुटबॉल. बराच वेळ बघून विनय म्हणाला, "हा खेळ आहे की कमिटीची मीटिंग? दर मिनिटाला घोळका करून ठरवतात तरी काय?" तू म्हणालास, "यार, पुन्हा कसं पडायचं ते ठरवतात." आपण तिघं इतके हसलो की मशीन थांबलेलं कळलंच नाही. ओले कपडे तसेच पडून राहिले.

बाकी काहीच घडलं नाही त्या दिवशी. आज सकाळपासून मात्र मला दुसरं काही आठवत नाहीये.

मंडळी, नमस्कार. मी सुमन, विनयची मोठी बहीण. तुम्ही एवढ्या लांबून, कोणी ऑफिस सोडून, कोणी लहान मुलांना घेऊन आज या हॉलमध्ये आलात. विनयची बायको मीना आणि मुलगा निखिल यांच्या वतीने मी तुमचे आभार मानते. धाकट्या भावाबद्दल अशा सभेत बोलायची वेळ मोठ्या बहिणीवर येऊ नये. तो माझ्यानंतर आला होता. त्याने माझ्यानंतर जायला हवं होतं. एवढा साधा हिशेब.

तिसऱ्या रांगेत ग्लोरिया बसली आहे. स्टेडियममध्ये विनयच्या शेजारची खुर्ची तिची. ती शाळेची बस चालवते. तिला मराठी कळत नाही, निखिल तिच्या कानात सांगतो आहे. निखिल, हळू सांग, मी थांबत थांबत बोलेन.

मी आज विनयच्या नोकरीबद्दल, मंडळातल्या त्याच्या कामाबद्दल बोलणार नाही. ते इतरांनी छान सांगितलं. मला फक्त त्याच्या शेवटच्या सीझनबद्दल सांगायचं आहे. गेल्या वर्षीच्या. तुम्हाला वाटेल, शोकसभेत फुटबॉल कशाला? कारण त्या सीझनमध्ये माझ्या भावाला एकच गोष्ट हवी होती. आपली टीम जिंकताना एकदा डोळ्यांनी बघायची होती. आणि ती त्याला मिळाली नाही.

तुमच्यापैकी जे जुने आहेत त्यांना माहीत आहे, आपल्या शहराची आधीची टीम शहर सोडून गेली. मग काही वर्षांनी, दोन हजार दोनमध्ये, नवी टीम आली. विनयने लगेच दोन सीझन तिकिटं घेतली, म्हणजे वर्षभर त्याच दोन खुर्च्या. एक त्याची, एक निखिलची. मी म्हटलं, "अरे, तुला या खेळातलं कळतं तरी काय?" त्यावर तो जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "ताई, या देशात आपण जिथे जातो तिथे लोक आपल्या आधीपासून असतात. ऑफिसात, शेजारात, सगळीकडे आपण नंतर आलेले. या टीमच्या बाबतीत कोणीच आधीपासून नाही. पहिल्या दिवशी सगळे नवे. मीही आणि ग्लोरियाही."

त्याच सुमारास शहरातली ती मोठी कंपनी बुडाली. त्यात विनयची नोकरी गेली. दुसरी मिळाली, तर तो विभागच बंद झाला. तिसरीकडे तो रुजू झाला तेव्हा हसत म्हणाला, "बघू, या छताला माझा भार सोसतो का." आपण सगळे हसलो. विनय विनोदी आहे, असंच आपण तीस वर्षं म्हणत आलो. त्या विनोदाच्या खाली काय होतं, ते कोणी विचारलं का?

आता थोडं नागपूरचं सांगते. आमचे बाबा रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे. भागीदारी जमली की घरात हुकूम सुटायचा, "जो जिथे आहे तिथेच थांबा!" एकदा मी पाण्याचा पेला घेऊन उंबरठ्यावर होते. चहाची वेळ होईपर्यंत मी उंबरठ्यावरच. आणि विनय, पाच-सहा वर्षांचा, त्याला लघवीला लागली. बिचारा किती वेळ दाबून बसला. शेवटी धावला आणि तिकडे विकेट पडली. बाबा ओरडले, "काय रे पांढऱ्या पायाच्या!" गमतीनेच. संध्याकाळी त्याला संत्र्याच्या गोळ्याही आणल्या. पण गोळ्या संपतात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. आमच्या सिस्टर बर्नाडेट आम्हाला बास्केटबॉल शिकवायच्या. मॅचआधी कोणी मुलगी बोटं दुमडून नवस बोलायला लागली की म्हणायच्या, "गर्ल्स, देवाला अंपायर करू नका. त्याला दुसरी कामं आहेत." मी घरी येऊन विनयला हे सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं, नाही का?

गेल्या वर्षी टीम हरायला लागली. पहिली मॅच हरली, दुसरी हरली. हरतच गेली. पार्किंग लॉटमध्ये मॅचच्या आधी लोक मांस भाजतात ना, तिथे विनय गॅसची शेगडी लावून बटाटेवडे तळायचा. आजूबाजूचे अनोळखी लोक रांग लावायचे. ग्लोरिया त्याला म्हणायची, "विनी, टीमला वडे दे. त्यांना ताकद नाही."

ऑक्टोबरमध्ये विनयला दम लागायला लागला. फुफ्फुसात पाणी भरलं होतं, हृदय थकलं होतं. त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, आणि त्याच रविवारी टीम पहिल्यांदा जिंकली. मीनाने मोठ्या आनंदाने त्याला सांगितलं. तोही आनंदला. मग जरा वेळाने म्हणाला, "मी नव्हतो म्हणून."

आम्हाला वाटलं, नेहमीचा विनोद.

डॉक्टरांनी स्टेडियमच्या पायऱ्या बंद केल्या. मग त्याच्या घरी आम्ही जमायला लागलो. विनय, मीना, विनयचा जुना मित्र शिरीष आणि मी. एकदा तर जवळजवळ जिंकलेली मॅच हरलो. त्यानंतर विनयने बाबांचा कायदा काढला, पण उलटा. बाबा जागा हलू द्यायचे नाहीत, हा दर रविवारी जागा बदलायचा. "ताई, तू आज गालिच्यावर. शिरीष, तू खिडकीत. मीना, तू स्वयंपाकघरातून बघ." शिरीष म्हणायचा, "साल्या, जागा नको बदलूस, टीम बदल!" या वयात मी गालिच्यावर बसले, मंडळी. सिस्टर बर्नाडेटनी बघितलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

काही उपयोग झाला नाही. मग डिसेंबरमध्ये एका रविवारी विनय उठला, गॅरेजमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. टीम जिंकली.

मीना त्याला बोलवायला गेली तर म्हणाला, "झालं ना सिद्ध?"

नाताळात निखिल, तो हल्ली राहतो त्या लांबच्या बेलव्ह्यूहून आला. त्याला हा प्रकार कळला तेव्हा तो इतका चिडला! "डॅड, धिस इज क्रेझी. यू आर अ‍ॅन इंजिनियर!" त्याने हाताला धरून बापाला सोफ्यावर बसवलं. दोघांनी मिळून पूर्ण मॅच बघितली. हरले. विनय नुसता मुलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. जणू मुलाचं काही नुकसान त्याच्या हातून झालं होतं.

शेवटची मॅच नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी होती. या खेळात एक रीत आहे. जी टीम सगळ्यात जास्त हरते, तिला पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांमधून पहिली निवड मिळते. विनयला ही रीत फार आवडायची. "किती सभ्य लोक आहेत ताई. नापास झालेल्याला पहिल्या बाकावर बसवतात." शिरीष म्हणाला, "मग हरू दे ना आज. पहिला बाक नक्की." तर हा गॅरेजच्या दारात वळून म्हणाला, "हरायचं म्हणून कोणी खेळत नाही रे." आणि आत जाऊन घडीच्या खुर्चीवर बसला. भिंतीकडे तोंड करून.

मॅच बरोबरीत आली. शेवटची काही सेकंदं. दोन खांबांच्या मधून चेंडू मारायचा, बस, आपण जिंकलो. अंतरही फार नव्हतं. निखिल उठला. म्हणाला, "आय अ‍ॅम गेटिंग हिम. ही हॅज टू सी धिस." त्याने दार अर्धं उघडलं आणि आतून विनय ओरडला. माझ्या भावाचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "दार लाव! निखिल, आधी दार लाव!"

निखिलने दार लावलं.

चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. मग जादा वेळात आपण हरलो.

त्याला जाऊन सांगायचं कोणी? मीच उठले. मी मोठी ना.

त्याने मागे न बघताच विचारलं, "हरले?"

"हो रे."

"मी तिथे नव्हतो."

"नव्हतास."

"दार बंद होतं."

"बंद होतं विनू."

मग तो वळला. आणि मंडळी, तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. म्हणाला, "ताई, म्हणजे मी नव्हतो गं. माझ्यामुळे नव्हतं."

तेव्हा मला कळलं की तो फुटबॉलबद्दल बोलत नाहीये. त्या बंद पडलेल्या कंपन्या, स्वतःचं आजारपण, मीनाचे हॉस्पिटलचे हेलपाटे, मुलाचं लांब जाणं, सगळं त्याने मनातल्या मनात स्वतःच्या पायांशी आणून ठेवलं होतं. किती वर्षं? कोणाला ठाऊक. एका बाहेर गेलेल्या चेंडूने ते ओझं उतरवलं.

तो आत आला. मीनाकडे खायला मागितलं. तो चुकलेला चेंडू टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि हा गृहस्थ प्रत्येक वेळी टाळी वाजवत होता. शिरीष म्हणाला, "अरे, हरल्याचे पेढे वाटतोस का?" तर म्हणाला, "वाट. माझ्या नावाने वाट."

त्यानंतरचे अडीच महिने विनय हलका होता. फार हलका. झोप लागायची. निखिलशी रोज फोनवर बोलायचा, पहिला कोणता खेळाडू निवडावा यावर वाद घालायचा. जिंकलेल्या दोन्ही मॅच निखिलने टेप करून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "बस, आज बघू या." म्हणाला, "शिळा विजय नको ताई. सप्टेंबरमध्ये ताजा बघीन. सोफ्यावर बसून, हातात चहा घेऊन."

सप्टेंबर यायचा आहे अजून. पुढच्या महिन्यात ती पहिली निवड होईल. आपण नापास झाल्याबद्दल पहिल्या बाकावर बसू, आणि ते बघायला विनय नसेल.

त्याने त्या टेप बघायला हव्या होत्या, असं मला सारखं वाटतं. शिळ्या तर शिळ्या. माणसाला भय सोडून गेल्यावर त्याला थोडा जास्त वेळ मिळावा, एवढं मागणं मोठं आहे का?

असो. आता आपण दोन मिनिटं उभे राहणार आहोत. त्याआधी एक काम. विनयने शेवटच्या आठवड्यात मला जवळ बसवून काही गोष्टी सांगितल्या. कोणाला काय द्यायचं ते. सगळ्यांसमोर सांग म्हणाला, नाहीतर शिरीष नाही म्हणेल.

तर शिरीष, त्याची जर्सी तुला. ती तुझ्या पोटावर बसणार नाही हे त्याला माहीत होतं. तरीही एक पूर्ण सीझन घालायची.

शेगडी आणि मोठी कढई ग्लोरियाला. मीना तिला वड्यांचं सारण शिकवेल. तिखट कमी करायचं नाही, असं खास सांगितलं आहे. निखिल, हे तिला नीट सांग.

दोन्ही टेप मला. मी बघेन विनू.

गॅरेजमधली ती खुर्ची कोणालाही द्यायची नाही. टाकून द्यायची.

आणि तिकिटं. पुढच्या सीझनची दोन्ही तिकिटं त्याने फेब्रुवारीतच घेऊन ठेवली आहेत. एक खुर्ची निखिलची. जेव्हा जेव्हा त्याला बेलव्ह्यूहून येता येईल तेव्हा. दुसरी कोणा एकाची नाही. दर वेळी आपल्यातल्या वेगळ्या माणसाने जायचं. नुकत्याच आलेल्या मुलांना आधी पाठवा, ज्यांना इथे अजून कोणी ओळखत नाही. आणि टीम हरली, तर त्या खुर्चीवर कोण बसलं होतं, हे कोणी विचारायचं नाही.