मुका कीबोर्ड

आजी उपाशीपोटी तपासणीसाठी रक्त द्यायला आल्या होत्या. रांगेत पहिल्याच होत्या, पण नाव नोंदल्याशिवाय सुई लागणार नव्हती, आणि नोंदणी अडली होती. काउंटरमागे लॅबच्या मॅडम संगणक सांभाळणाऱ्याला विचारत होत्या. आजींचे कान अजून शाबूत होते.

“काल नक्की काय केलंस?”

“साफसफाई, मॅडम. सेटिंगच्या फाइलीत यूएसबी चालवणारे दोन ड्रायव्हर प्रोग्राम होते, जुना सावकाश आणि नवा वेगवान. जुना बंद करून मशीन पुन्हा सुरू केलं.”

“मग?”

“पेनड्राइव्ह पळतोय. कीबोर्ड तेवढा मुका झालाय.”

“अरे, कीबोर्डचं काम सावकाशीचं. आपल्याकडे तो जुन्यावरच चालतो. कर परत चालू.”

“त्यासाठी टाइप करावं लागेल ना.”

“दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कने शिर आत.”

“ती वाट परवाच बंद केली. सुरक्षेसाठी.”

“धन्य आहेस!”

मॅडमनी खालचा खण ओढला.

“हा घे जुना कीबोर्ड, गोल पिनचा. याला यूएसबी लागत नाही. लाव आणि मशीन पुन्हा सुरू कर.”

“हा? हा तर मी भंगारात टाकला होता!”

“टाकलास. गाडी यायच्या आत मी उचलून आणला.”

आजी बाही वर करू लागल्या.