कडी नसलेलं दार

पंचशीला : असलं लांबलचक काही नको, मॅडम. "हिचं डोकं दुखत नाही" एवढंच लिहा. सही करा, शिक्का मारा, मी निघते.

डॉ. मलिका : आणि दुखतं ते?

पंचशीला : ते माझं मी बघते. साहेबांना सोमवारी कागद पाहिजे. टायपिस्टची जागा आहे, अजून कायम झाले नाही. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "चार दिवसांआड टेबलावर डोकं टेकून बसतेस. ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला आण, नाही तर घरी बस."

नागुबाई : डाक्टरीणबाई, कागदाचं ऱ्हाऊ द्या. मी माय हाय हिची. औशावरून सकाळच्या यष्टीनं आले ते एका कामासाठीच. उद्या ऐतवार. निलंग्याकडं मडिवाळप्पा म्हणून हाय, डाग देतो. पेटलेलं हळकुंड कानशिलावर टेकवलं की अर्धशिशी गेलीच म्हणून समजा. मला बी दिला व्हता. हे बघा.

डॉ. मलिका : या अल्ला! केवढा वण आहे. किती वय होतं, मावशी?

नागुबाई : पंचीएवढीच व्हते. लगीन होऊन दोन सालं झाली व्हती.

पंचशीला : माय, तुला काल सांगितलं, आज सांगितलं. कपाळ माझं आहे. त्याच्यावर कुणी विस्तव ठेवणार नाही.

नागुबाई : मोठी आली कपाळवाली! वांत्या करू करू पांढरी पडती, डोळ्यावर पदर घेऊन दिसभर लोळती, अन् म्हणे कपाळ माझं.

पंचशीला : दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव बाहेर काढले ना तुम्ही? मग हे हळकुंड कशाला मागं ठेवलं?

नागुबाई : हळकुंड काय देव हाय का? औषिद हाय. भाजीत घालतोच की.

पंचशीला : मग भाजीत घाल. मी भाजी नाही.

डॉ. मलिका : दोघी जरा दम खा. पंचशीला, ठणका सुरू व्हायच्या आधी डोळ्यांना काही दिसतं का?

पंचशीला : ...दिसतं. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणतील येडी झाली. टाइप करता करता कागदावरलं एक अक्षर गायब होतं. मग तिथं चमचम सुरू होते, करवतीच्या दात्यांसारखी. वाढत वाढत कडेला जाते. वीसेक मिनिटं. ती गेली की डाव्या कानशिलात घण पडायला लागतात. ट्यूबलाइट बघवत नाही, टाइपरायटरचा आवाज सोसत नाही.

नागुबाई : अगं बया! मला बी तसंच दिसायचं गं. वाकडंतिकडं, चमकणारं. सासू म्हणायची, बाहेरचं लागलंय.

डॉ. मलिका : बाहेरचं काही नाही, मावशी, आतलंच आहे. मेंदूवरून हळूहळू एक लाट जाते, तिची ती चमचम. पाठोपाठ नसा चिडतात, मग ठणका, मळमळ. हे घराण्यात चालतं. आईचं लेकीला येतं.

नागुबाई : म्हंजी मीच दिलं हिला?

डॉ. मलिका : नाक दिलंत, रंग दिला, तसंच हे. त्यात तुमचा गुन्हा काय? पंचशीला, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली असं कधी झालं? एकदम वीज पडल्यासारखं डोकं फुटतंय असं? ताप?

पंचशीला : नाही. कधीच नाही.

डॉ. मलिका : बीपी ठीक आहे, डोळ्यांच्या आतूनही पाहिलं, ठीक आहे. गाठबीठ नाही, घाबरायचं कारण नाही. आता खरं सांगा, डोकेदुखीच्या पुड्या किती खाता?

पंचशीला : दोन... कधी तीन. दोन महिने झाले, रोज.

डॉ. मलिका : रोज? मग आता ती पुडीच डोकं दुखवून राहिली! बंद करा. पहिले आठ-दहा दिवस जास्त ठणकेल, आधीच सांगून ठेवते. दमा आहे का? नाही ना? मग ही एक गोळी रोजची, दुखणं येऊच नये म्हणून. गुण यायला महिना-दीड महिना लागेल, मनानं बंद करायची नाही. आणि चमचम दिसली की ठणक्याची वाट बघायची नाही. पोटात दोन घास, ही उलटीची गोळी, ॲस्पिरिनच्या दोन, आणि अंधारात पडायचं. पाणी किती पिता दिवसात?

नागुबाई : घोटबी घेत न्हाई! म्हणलं, टँकरच्या पाण्याचा हिशेब करती का काय. पण मागं हिच्या हाफिसात गेले तर माठ काठोकाठ भरलेला. दुष्काळ काय, हिचा नवस का काय, कळंना.

डॉ. मलिका : का हो? माठ आहे तर पाणी का नाही?

पंचशीला : कसं सांगू, मॅडम... लातूर जिल्हा झाला तसं आमचं ऑफिस एका आडत्याच्या गोदामात उघडलं. बावीस पुरुष, मी एकटी. संडास एकच, मागच्या अंगाला. दाराला कडी नाही. एकदा गेले होते, तर बाहेरून कुणीतरी मुद्दाम दार लोटलं. तिघं-चौघं फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून सकाळी निघायच्या आधीपासून ते संध्याकाळी खोलीवर येईपर्यंत पाणी बंद.

नागुबाई : मुडदा बशिवला त्यांचा! मला का न्हाई सांगितलंस?

डॉ. मलिका : किती दिवस झाले याला?

पंचशीला : आठ महिने.

डॉ. मलिका : आणि मघाशी तपासताना म्हणालात, डोकं आधी महिन्यातून एकदा दुखायचं. ते आठवड्यातून दोनदा कधीपासून झालं?

पंचशीला : ...आठ महिने.

डॉ. मलिका : मीही एक मूतखडा असाच पाणी टाळून कमावलेला आहे, कॉलेजात असताना. म्हणून मी खोटा दाखला देणार नाही. लिहिते, अर्धशिशी आहे, कामाला पूर्ण लायक आहे. दर दोन तासांनी पाणी, वेळेवर जेवण, आणि बायकांसाठी कडी असलेला संडास. ही सगळी औषधंच आहेत.

पंचशीला : असं लिहिलंत तर म्हणतील, बाईमाणसाची कटकटच नको. माझी जागा जाईल, मॅडम!

डॉ. मलिका : जाईलही. पण ठणठणीत लिहून दिलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा टेबलावर डोकं टेकलंत, तर कुठला कागद दाखवाल?

नागुबाई : म्हणून तर म्हणते, डाग. एकदाच पोळतं अन् सुटतं. माझं सुटलं.

डॉ. मलिका : कधी सुटलं?

नागुबाई : डाग दिला अन् सुटलं.

डॉ. मलिका : खरं सांगा, मावशी. पुष्कळ बायकांचं हे दुखणं पाळी गेल्यावर थांबतं. तुमचं तोवर दुखत होतं की नाही?

(नागुबाई बोटाला पदर गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.)

नागुबाई : दुखायचं.

पंचशीला : माय?

नागुबाई : लई दुखायचं गं. डाग दिला त्याच्या चौथ्या दिशी पुन्हा सुरू. सासूनं विचारलं, थांबलं का? मी म्हणलं, थांबलं. न्हाई म्हणले असते तर दुसऱ्या कानशिलाला बी टेकवलं असतं. मग कधी बोललेच न्हाई. खडी फोडताना दुखायचं, भाकरी करताना दुखायचं. तोंडानं आपलं, थांबलं, थांबलं. इतकी सालं म्हणलं की मला बी तेच खरं वाटाया लागलं.

पंचशीला : आणि उद्या मला तिथंच नेणार होतीस.

नागुबाई : हाव. नेणार व्हते. तुझ्या वांत्या बघवंनात मला. दुसरं काय ठावं व्हतं मला, पंचे?

पंचशीला : ...रडू नको, माय. मॅडम, लिहा. तुम्ही म्हणालात तसंच लिहा. आणि "सोय" वगैरे नको, संडास असाच शब्द लिहा. मी स्वतः त्याच्या तीन प्रती काढते. एक साहेबांना, एक त्यांच्या वरच्या साहेबांना, एक माझ्यापाशी.

डॉ. मलिका : विचार केलात ना?

पंचशीला : आठ महिने केला. जागा गेली तर निदान कडी मागितली म्हणून जाईल. गुपचूप टेबलावर डोकं टेकून आता बसणार नाही. ज्यांनी दार लोटलं ते ठणठणीत, आणि दाखला मी आणायचा? वा रे न्याय!

डॉ. मलिका : शाब्बास. हा घ्या कागद. आणि हे पाणी, माझ्यासमोर प्या.

पंचशीला : आत्ता? खोली लांब आहे, मॅडम. वाटेत...

डॉ. मलिका : आत डाव्या हाताला आहे. आतून कडी आहे, मजबूत. प्या.

पंचशीला : ...अजून एक ग्लास देता?

डॉ. मलिका : घ्या, हवं तेवढं घ्या. पण सोमवारी कागद दिला म्हणून मंगळवारी कडी लागणार नाही. तोवर काय कराल?

नागुबाई : तंवर मी हाय. उद्या कुठंच जायचं न्हाई आता. हिच्या खोलीवर ऱ्हाते, सोमवारी हिच्यासंगं हाफिसात जाते.

पंचशीला : अगं, तुझं खडीवरचं काम बुडेल. आणि साहेब तुला आत येऊ देणार नाहीत.

नागुबाई : बुडू दे. अन् आत यायचंय कुणाला? मागं दाराला पाठ लावून बसते. तू पोटभर पाणी पी. कुणी आला तर म्हणंन, थांबा, दादा. आत माझी लेक हाय.