चौदा पॉइंट सातवर अडलेलं मीटर

तुम्ही हसाल, पण मी त्या मीटरवर आठ दिवस खूश होतो.

जुन्या गाडीचं ट्यूनिंग मी स्वतःच करून राहिलो होतो. पेट्रोलला हवा किती मिळते ते मीटरवर सांगणारा वाइडबँड सेन्सर लागतो. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो. चांगला महाग, म्हणून सगळ्यात स्वस्त मागवला. नांदेडहून लोह्यापर्यंत गाडी पिटाळली. आकडा चौदा पॉइंट सात, म्हणजे एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा, एकदम आदर्श.

आमचे मिस्त्री रफिकमामू मीटरकडे बघत राहिले. "सर, चढावर पन एवढाच?"

"हाव."

"फुल दाबल्यावर?"

"तेवढाच."

"इंजिन बंद करा. चावी चालूच राहू द्या."

केलं. चौदा पॉइंट सात.

"लई इमानदार हाय," मामू म्हणाले. "शब्दच बदलत न्हाई."

मग मी हट्टालाच पेटलो. मामूंचा लायटर खिशात घालून लातूरचं दुकान गाठलं. प्रत्येक सेन्सर जोडून, तापवून, त्यावर लायटरचा नुसता गॅस सोडायचा; गॅस म्हणजे इंधनच, आकडा खाली यायलाच हवा. स्वस्तातल्या दोघांचे आकडे जागचे हलले नाहीत. मधल्या किमतीच्या तिसऱ्याचा झपकन खाली आला.

दुकानदार वैतागला. "सर, पहिलंच न्या की. कायम चांगला आकडा दाखवतंय. गिऱ्हाइकं खूश असतात."

"मी मास्तर हाय," म्हटलं. "कोरा पेपर पास करणारं मला नको."

तिसरं मीटर मामूंनी बसवलं. लोह्याच्या चढावर आकडा सतरावर गेला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. गाडी सपशेल नापास. तेव्हा कुठं मला बरं वाटलं.