कोमट पाणी

सावंगीच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या धुरपताबाईंच्या मागे दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

“मार्था, चर्च झाडण्यात तुहा जनम गेला. कोणी नाव तरी घेतलं काय तुहं?”

“यंदा घेतलं. पवित्र गुरुवारी फादर बारा जणाचे पाय धुतात ना, त्यातला एक आलाच नाई. मले म्हणे, मार्थाबाई, तुम्ही बसा.”

“अन् बसली तू? हे भेगांचे पाय घेऊन?”

“लुगड्यात लपवत होती. त्यायनं गुडघ्यावर बसून धुतले, पुसले. येशूनं शिष्यांचे असेच धुतले होते.”

“मग रडली असशीन.”

“नाई वं. ते पाणी दरसाल माह्याच हातानं तापते. यंदा माह्या पायावर आलं. देवाचे आभार मानले अन् मनात म्हटलं, मार्था, बरोबर कोमट करत होती तू.”