भागीरथीबाईंच्या अंगणातला मुक्काम

मंडळी, ऐका. आज तुमचे हे कीर्तनकार बुवा दमलेत. काल एका गावी कीर्तन, परवा दुसऱ्या, आणि मधला सगळा वेळ एस.टी.च्या मागच्या सीटवर. म्हणून आज मोठं तत्त्वज्ञान नको, दमलेल्या माणसाचा प्रश्न घेऊ. दिवस कलला, अंग मोडून आलं — तर प्रवाशानं मुक्काम कुठं करावा? तुम्ही म्हणाल, लॉजवर! बरं. पण ज्याचं घरच चाकांवर आहे, त्यानं?

हसू नका. इचलकरंजीचे रत्नाकर दाभोळे, यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर. निवृत्त झाले आणि एका जुन्या टेम्पोचं त्यांनी घर केलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. बायकोला, मालिनीबाईंना, म्हणाले, जन्मभर त्याच भिंती बघितल्या, आता हिंडू. खोली शोधायला नको, कुणाची मिनतवारी नको. बाईंनी हौसेनं खिडक्यांना पडदे शिवले.

पण चाकांवरचं घरसुद्धा संध्याकाळी कुठंतरी उभं करावंच लागतं ना? पेट्रोल पंपावर थांबले, तर ट्रकची ये-जा. देवळाच्या पटांगणात थांबले, तर पहाटे भोंगा — देव जागा झाला की नाही ठाऊक नाही, मालिनीबाई झाल्या! मग एकांत हवा म्हणून माळावर गेले, आणि प्रत्येक सळसळीला दोघं उठून बसले.

असे न झोपलेले दोन जीव चंदगडच्या बाजूला पोचले. दुपारपासून रत्नाकरराव जागा शोधत होते. शाळेचं मैदान उतरतं. तळ्याकाठी डास. काजूच्या बागेत सावली छान, पण गाडी वळेना. पुढं बघू, पुढं बघू, करता करता ऊन उतरलं. एका चढावर मालिनीबाईंनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. भांडल्या नाहीत. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, मंडळी.

"मला आता पुढं यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. मी एस.टी.नं घरी जाते."

रत्नाकरराव म्हणाले, एवढी वणवण करतोय ती तुझ्यासाठीच की.

"मग मला एकदा तरी विचारलंत का, कुठं थांबायचं?"

रस्त्याच्या वर एक कौलारू घर होतं. दारात एक बाई बसलेली. मालिनीबाई उठल्या, सरळ तिच्याकडे गेल्या, आणि अंगणात रात्रीपुरती गाडी लावू का, म्हणून विचारलं.

"ऱ्हावा की," ती म्हणाली. "पर आत येऊन जेवायचं."

रत्नाकररावांना अंगण पसंत नव्हतं. एका अंगाला कलतं, त्यात शेजारी कोंबड्यांचं खुराडं. पण बोलतात कशाला! चाकांखाली दगड लावले आणि मुकाट्यानं आत गेले.

आत गाठोडी बांधून ठेवलेली. चूल गार. बाईंचं नाव भागीरथी गावडे. उन्हाळ्यात त्यांचे मालक वारले होते. आजूबाजूची घरं कधीच बंद झालेली. उद्या मुलगा येणार, आईला पुण्याला नेणार, आणि या घरालाही कुलूप लागणार. त्या घरातली ती बाईंची शेवटची संध्याकाळ होती.

"दुपारपासनं दारात बसलीया," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी चूल पेटवायचं जिवावर आलं होतं."

मग चूल पेटली. भात झाला, कुळथाची पिठी झाली. मालिनीबाई जाळापाशी बसल्या. भागीरथीबाई मालकांच्या गोष्टी सांगत होत्या, त्या ऐकत होत्या. त्या रात्री कलत्या गाडीत मालिनीबाईंना गाढ झोप लागली.

सकाळी मुलगा जीप घेऊन आला. सामान चढलं. भागीरथीबाई कुलूप हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या. हात पुढं होईना. मुलगा म्हणाला, आई, दे, मी लावतो. त्यांनी दिलं नाही. वळून रत्नाकररावांपुढं धरलं.

"दादा, तुम्ही लावा. पोरानं लावलं तर घर संपलं असं वाटंल. पावणं गेलं म्हणून दार लावलं, एवढंच मला वाटू द्या."

जन्मभर यंत्रं जुळवलेला फिटर तो. पण ते साधं कुलूप त्याच्या हातून लवकर बसेना.

जीप गेली. टेम्पोही निघाला. मग रत्नाकररावांनी विचारलं, "आज कुठं थांबायचं? तू सांग."

मालिनीबाई म्हणाल्या, "दारात कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर तिथं विचारू."

मंडळी, आपण जागा बघतो ती मला काय मिळेल म्हणून. पाणी आहे का, सावली आहे का, पंखा चालतो का! आपण थांबल्यानं तिथल्या माणसाला बरं वाटेल का, हे कुणी बघतं? आणि त्यासाठी टेम्पो कशाला हवा? तुमच्या आळीत आज दारात कोण बसलंय, सांगा बघू. आठवतंय नाव? मग घरी जाताना त्या दारी थांबा, घोटभर पाणी मागा. तहान नसली तरी मागा. ते पाणी प्यालात, की माझं आजचं कीर्तन पुरं झालं.